लघुप्रबंधाचा प्रश्न उंबऱ्यावर विचारता येतो का? समाजशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

एम.ए. समाजशास्त्राचा विद्यार्थी पहिल्यांदा विषय सांगायला येतो तेव्हा शीर्षक जवळजवळ ठरलेलं असतं : ‘कोल्हापूर जिल्ह्यातील ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण – एक समाजशास्त्रीय अभ्यास’. मी विचारते, जिल्ह्यात तालुके किती? बारा. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या किती? अडतीस लाख शहात्तर हजार. तुझ्याकडे महिने किती? चार. मग दोघंही हसतो आणि शीर्षकावर काट मारायला बसतो.

हा लेख त्या काटाकाटीविषयी आणि तिच्यानंतर येणाऱ्या कामांविषयी आहे. संशोधन पद्धतीच्या पुस्तकात सगळ्या पायऱ्या दिलेल्या असतातच, त्या इथं पुन्हा उतरवत नाही. पुस्तक मिटून रंकाळा स्टँडवरून एसटीत बसल्यावर काय होतं, ते सांगते. उदाहरण एकच घेणार आहे, दुधाचं. कोल्हापुरात ते कुठल्याही गल्लीत सापडतं, आणि माझा स्वतःचा पहिला लघुप्रबंध त्याच्यावरच होता.

वेळेचा हिशेब

नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून राज्यातल्या विद्यापीठांत एम.ए.ची जी रचना आली, तिच्यात पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा ४ श्रेयांकांचा पेपर आहे. दुसऱ्या सत्रात तेवढ्याच श्रेयांकांचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रीय प्रकल्प. दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प, तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्यात ६ श्रेयांकांचा. म्हणजे प्रकल्प हा आता शेवटी उरकायचा उपचार राहिलेला नाही. दुसऱ्या सत्रातल्या क्षेत्रीय प्रकल्पाला जे गाव घ्याल तेच पुढच्या वर्षीही ठेवा. ओळखी झालेल्या असतात, कुणाच्या दारात कुत्रं सुटं असतं तेही माहीत झालेलं असतं.

गावात जायचे दिवस मात्र दिनदर्शिका बघून ठरवू नका. गगनबावडा, राधानगरीकडं जून-जुलैत भाताची लावण चालू असते, शिवारात चिखल आणि माणसं दिवसभर वाकलेली. नोव्हेंबर ते मार्च ऊसतोड. गावची म्हाई (जत्रा) असेल त्या दिवशी गेलात तर जेवण उत्तम मिळेल, माहिती शून्य. बायकांशी बोलायचं तर दुपारी बारा ते साडेतीन. पाचनंतर धारा काढायची वेळ होते, तेव्हा समोर बसलेली मावशी तुमच्याकडे बघून ‘व्हय व्हय’ म्हणते, कान मात्र गोठ्याकडं.

विषय आणि प्रश्न यांतलं अंतर

‘महिला सक्षमीकरण’ हा विषय आहे, ‘पूर’ हा विषय आहे, ‘जात आणि राजकारण’ हाही विषयच. प्रश्न तेव्हा होतो, जेव्हा त्याचं उत्तर चूक निघू शकतं. ‘ग्रामीण महिलांच्या स्थितीचा अभ्यास करणे’ याचं उत्तर कधीच चुकत नाही, म्हणून तो प्रश्न नव्हे.

काट मारण्याची माझी पद्धत साधी आहे. विषयातला मोठा शब्द घ्यायचा आणि तो गावात कुठं हाताला लागतो ते शोधायचं. सक्षमीकरण म्हणजे काय? निर्णय घेता येणं, पैसा हातात येणं. पैसा कुठून येतो? आपल्याकडं लहान शेतकऱ्याच्या घरात दर दहा दिवसांनी येणारा पैसा दुधाचा. उसाचं बिल मोठं, पण वर्षातून मोजक्याच हप्त्यांत येतं. दुधाचं बिल घर चालवतं. मग म्हशीची वैरण, शेण, धार, पेंड भिजवणं हे कोण करतं, आणि दूध संस्थेच्या पुस्तकावर नाव कुणाचं असतं? आता प्रश्न झाला : ‘ज्या घरात दुधाचं बहुतेक काम बाई करते, त्या घरात संस्थेचं सभासदत्व आणि बिलाचा पैसा कुणाकडे असतो?’ याचं उत्तर चूक निघू शकतं. कदाचित सभासद नवरा असूनही पैसा बाईच ठेवत असेल. कदाचित बाई सभासद असेल, पण केवळ निवडणुकीच्या मतासाठी. दोन्ही शक्यता आहेत, म्हणून जाऊन बघण्यात अर्थ आहे.

याच रीतीनं बाकीचे विषय लहान होतात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. त्यावर ‘विधवांच्या समस्या’ असा विषय घेण्यापेक्षा ‘ठराव झालेल्या गावात हळदीकुंकवाला कोणाला बोलावणं जातं?’ असं विचारा. इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीची चांदी, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत परप्रांतातून आलेले कामगार, बीडकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांतली मुलं, तालमींची मंडळं... कोल्हापूर हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी भरलेलं ताट आहे. ताट भरलेलं असलं की हावरटपणा होतो, एवढाच धोका.

पुरावर काम करणाऱ्यांना एक वेगळी सूचना. २०१९ आणि २०२१च्या महापुरांनंतर चिखली, आंबेवाडी आणि शिरोळकडच्या गावांत इतकी माणसं कागद घेऊन आली, की तुमची प्रश्नावली त्यांना पंचनामाच वाटते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी, हे तिथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतं. तुम्ही नवीन काय विचारणार, ते आधी ठरवा. आणि पहिल्या वाक्यातच सांगा की तुम्ही सरकारी माणूस नाही, तुमच्या हातात नुकसानभरपाई नाही. हे न सांगता घेतलेल्या मुलाखतीत नुकसानाचे आकडे फुगलेले मिळतात, आणि त्यात दोष बोलणाऱ्याचा नसतो.

वाचन : तीन ठिकाणं, तीन प्रकारचे कागद

पहिलं ठिकाण घरबसल्या : शोधगंगा. देशभरातल्या पीएच.डी. प्रबंधांचं हे भांडार मोफत आहे. तुमच्या विषयावरचे तीन प्रबंध काढा, पण सुरुवातीला फक्त संशोधन पद्धतीचं प्रकरण आणि परिशिष्टातली प्रश्नावली वाचा. कुणाची प्रश्नावली कुठं फसली असेल याचा अंदाज करत वाचलं की आपली सुधारते.

दुसरं ठिकाण शिवाजी विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय, आणि जुन्या मराठी पुस्तकांसाठी १८५०पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर. वाचताना प्रत्येक पुस्तकाचा सारांश लिहीत बसू नका. ‘साहित्याचा आढावा’ म्हणजे अमुक यांनी असं म्हटले, तमुक यांनी तसं म्हटले अशी माळ नव्हे. कोण कोणाशी भांडतंय आणि तुम्ही कोणाच्या बाजूला बसणार, एवढं त्यातून दिसलं पाहिजे.

तिसरं पुराभिलेखागार. शाहू महाराजांवर, २६ जुलै १९०२च्या पन्नास टक्के राखीव जागांच्या आदेशावर किंवा वेगवेगळ्या समाजांच्या बोर्डिंगांवर काम करायची इच्छा कोल्हापुरात दर वर्षी चार-पाच जणांना तरी होते. चांगली इच्छा आहे. पण मग छापील गौरवग्रंथांतून उतरवून घेऊ नका, मूळ दफ्तर बघा. त्यासाठी मोडी वाचता यायला हवी. ती शिकायला काही महिने लागतात, म्हणजे पहिल्या सत्रातच सुरुवात. तेवढा धीर नसेल तर विषय आजचा घ्या.

आकड्यांच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण दुधाच्या प्रश्नाचं मर्म तिच्यातच आहे. गावपातळीवरचे आकडे जिल्हा जनगणना पुस्तिकेत मिळतात, आणि २०२१ची जनगणना झालीच नाही, म्हणून ते अजून २०११चे आहेत. त्यात सहा महिन्यांहून कमी काम केलेली व्यक्ती ‘सीमांतिक काम करणारी’ ठरते. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे घरच्यासाठी दूध काढणं हेसुद्धा काम आहे. पण प्रगणकानं दारात ‘घरात कामाला कोण कोण?’ असं विचारलं, तर म्हशीवाल्या बाईचं नाव कोण सांगणार? श्रमशक्ती सर्वेक्षणात घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्याला २१ हा संकेतांक आहे, नुसतं घरकाम करणाऱ्याला ९२, आणि घरकामासोबत सरपण, वैरण असं काही गोळा करून आणणाऱ्याला ९३. पहिला संकेतांक ‘कामगार’ गटात मोडतो, नंतरचे दोन श्रमशक्तीच्या बाहेर. एकच बाई, एकच म्हैस. विचारणारा कसा विचारतो यावर ती देशाच्या श्रमशक्तीत आत किंवा बाहेर होते. हे कळल्यावर मला संशोधन पद्धतीच्या पेपरात पहिल्यांदा गोडी वाटली.

नमुना : यादी कुणी केली, ते आधी विचारा

विद्यार्थी विचारतात, ‘मॅडम, किती लोकांना भेटू? शंभर चालतील?’ शंभर हा आकडा नारळासारखा झालाय, कुठंही फोडायचा.

यामाने यांचं सूत्र पुष्कळजण वापरतात : एकूण संख्येला (१ + एकूण संख्या × चुकीच्या मर्यादेचा वर्ग) यानं भागायचं. समजा गावच्या दूध संस्थेचे ४२० सभासद आहेत. पाच टक्के (म्हणजे ०.०५) चूक चालवून घ्यायची तर ४२० भागिले २.०५, म्हणजे २०५ घरं. एकट्या विद्यार्थ्याला हे झेपत नाही. दहा टक्के चालवली तर ४२० भागिले ५.२, म्हणजे ८१. हे जमतं. मग यादीतलं दर पाचवं नाव घ्यायचं, सुरुवात एक ते पाच यांपैकी कुठून करायची ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. दर पाचवं म्हणजे ८४ नावं होतात. असू द्या, दोन-तीन घरांना कुलूप असतंच.

गणित इथं संपतं आणि खरी अडचण सुरू होते. ती यादी कुणाची? सभासदांची. आपला प्रश्न काय होता? सभासद कोण असतं. म्हणजे ज्या गोष्टीचा शोध घ्यायचा, तिच्यावरूनच आपण माणसं निवडली. शिवाय जे खासगी डेअरीला दूध घालतात ते यादीत नाहीत. ज्यांच्याकडं एकच म्हैस आहे आणि जे शेजाऱ्याच्या पुस्तकावर दूध घालतात ते नाहीत. ज्यांच्याकडं जनावरच नाही, पण दुसऱ्याच्या गोठ्यात शेणघाण काढायला जातात त्या बायका तर कुठल्याच यादीत नाहीत.

चुकीच्या यादीनं काय होतं याची जुनी गोष्ट संशोधन पद्धतीच्या वर्गात हटकून सांगतात. १९३६च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकानं जवळपास एक कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि निकाल सांगितला लँडन यांच्या बाजूनं. निवडून आले रूझवेल्ट, तेही प्रचंड मतांनी. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून, मंदीच्या दिवसांत, आणि पत्रिका परत पाठवणारेही एका बाजूचेच जास्त निघाले. आपली दूध संस्थेची यादी म्हणजे आपली टेलिफोन डिरेक्टरी.

मग करायचं काय? गल्लीनं घरं मोजा. एक दिवस नुसतं गावातून फिरून हातानं नकाशा काढा : देऊळ, चावडी, दूध संकलन केंद्र, वरची आळी, खालची आळी, गावकुसाबाहेरची वस्ती, मळ्यातली घरं. प्रत्येक भागातून घरांच्या प्रमाणात निवड करा. याला स्तरित नमुना निवड म्हणतात, आणि तिचा फायदा असा की मळ्यातली दूरची घरं सुटत नाहीत. जी माणसं यादीतच नसतात, म्हणजे गोठ्यात मजुरीला जाणाऱ्या बायका, त्यांच्यासाठी एकीकडून दुसरीचं नाव घेत जाण्याची स्नोबॉल पद्धत. ती वापरली तर ‘एवढे टक्के’ असं लिहू नका. त्या मुलाखती गुणात्मक आहेत, त्यांचं वजन संख्येत नसतं.

प्रश्नावली : इथंच माझी फजिती झाली

करवीर तालुक्यातल्या एका गावात पहिल्या दिवशी मी जी प्रश्नावली नेली होती, तिच्यातला सातवा प्रश्न असा होता : ‘कौटुंबिक निर्णयप्रक्रियेत आपला सहभाग कितपत असतो? पूर्णतः / बऱ्याच अंशी / काही अंशी / अल्प / अजिबात नाही.’ लिकर्ट यांनी १९३२ साली मांडलेली पाच पायऱ्यांची मोजपट्टी. वर्गात शिकलेली, जशीच्या तशी उंबऱ्यावर ठेवली.

समोर साठीच्या एक काकी. गोठ्याच्या दारात बसून पेंड चुरत होत्या. प्रश्न ऐकून त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग कागदाकडं.

‘व्हय की,’ म्हणाल्या.

मी म्हटलं, ‘तसं नाही काकी, ह्यातलं कुठलं?’

‘तू लिव की तुला बरं वाटंल ते, पोरी. परीक्षा हाय न्हवं तुझी?’

मी ‘बऱ्याच अंशी’वर खूण केली. त्या दिवशी बारा घरांत बारा ‘बऱ्याच अंशी’ मिळाले. एसटीत बसून कागद चाळताना लक्षात आलं की बाराही उत्तरं माझीच आहेत.

त्याच काकींना आधी विचारलं होतं, ‘तुम्ही काय काम करता?’ उत्तर आलं, ‘मी काय करतो? घरातच असतो की.’ हे म्हणताना हात पेंडीत. दोन म्हशी, एक रेडकू, सकाळ-संध्याकाळची धार, संकलन केंद्रापर्यंत किटली घेऊन जाणंही त्यांच्याकडंच. ‘काम’ हा शब्दच चुकला होता. त्यांच्या लेखी काम म्हणजे पगाराचं किंवा रोजगाराचं.

दुसऱ्या आठवड्यात मी सगळे प्रश्न बदलले. मत विचारणं बंद केलं, शेवटची घडलेली गोष्ट विचारली. ‘सहभाग कितपत?’ ऐवजी ‘मागची म्हैस घेतली तेव्हा बाजारात कोण गेलं होतं? दावं कुणी धरून आणलं?’ ‘पैशांवर नियंत्रण कुणाचे?’ ऐवजी ‘मागच्या दहा दिवसांचं बिल कुणाच्या खात्यावर पडलं? एटीएम कार्ड कुणाच्या पिशवीत असतं? दिवाळीला मिळालेल्या दूधदराच्या फरकाचं काय आणलं?’ आणि ‘काय काम करता?’ ऐवजी ‘काल पहाटे उठल्यापासून सांगा.’ हे शेवटचं मी शोधून काढलेलं नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९मध्ये देशभर वेळवापर सर्वेक्षण केलं, त्यात पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असा दिवस अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत विचारतात. तुम्ही तेवढं बारीक जाऊ नका, तासातासानं पुरे. पण काल विचारा. ‘साधारणपणे’ विचारलं की माणूस आदर्श दिवस सांगतो.

काकींचा काल पहाटे साडेचारला सुरू झाला होता आणि रात्री दहाला संपला होता. मधे एकदाच ‘जरा आडवी पडलो’. दुपारी अर्धा तास.

बाकी नियम पटापट सांगते. एका प्रश्नात दोन प्रश्न नकोत. ‘शेती आणि जनावरांच्या कामात मदत करता का?’ याला हो म्हणणारी बाई नक्की कशाला हो म्हणाली? ‘मदत’ हा शब्दही काढा, त्यात काम दुसऱ्याचं असल्याचं आधीच मान्य केलेलं असतं. उत्पन्न आणि जात हे प्रश्न शेवटी. चाळीसच्या वर प्रश्न गेले की निम्मे काढून टाका. आणि पूर्वचाचणी करा, म्हणजे मुख्य नमुन्यात नसलेल्या आठ-दहा घरांत प्रश्नावली चालवून बघा. मी ती केली नव्हती, म्हणून ती पहिली बारा घरं माझी पूर्वचाचणी ठरली. तसं प्रबंधात प्रामाणिकपणे लिहिलं. ती घरं अंतिम नमुन्यात धरली नाहीत.

दारात कसं उभं राहायचं

विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र खिशात ठेवा. सरपंचांना आणि दूध संस्थेच्या सेक्रेटरींना आधी भेटा. परवानगी मिळाल्यावर मात्र त्यांनी सोबत दिलेल्या माणसाला नम्रपणे परत पाठवा. सेक्रेटरींचा माणूस शेजारी बसला असताना संस्थेबद्दल कोण खरं बोलेल?

संमती म्हणजे सहीचा कागद, असा समज असतो. खेड्यात सही मागितली की माणूस सावध होतो, जमिनीच्या कागदापासून कर्जाच्या कागदापर्यंत सगळं त्याला आठवतं. तोंडी संमतीही चालते, पण चार गोष्टी सांगून : मी कोण, हे कशासाठी, तुमचं नाव कुठं येणार नाही, आणि मधेच थांबावंसं वाटलं तर थांबू. रेकॉर्डिंग करायचं असेल तर ते वेगळं विचारा. फोन उलटा ठेवून गुपचूप रेकॉर्ड करणारे विद्यार्थी मी पाहिलेत. तसं केलेलं काही मी वाचायलाही घेत नाही.

नाव लपवणं वाटतं तितकं सोपं नाही. ‘एक महिला संचालक’ असं लिहिलं आणि त्या संस्थेत महिला संचालक दोनच असतील, तर अख्खं गाव ओळखतं. म्हणून गावाचंही नाव बदलायची पद्धत आहे. एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ साली म्हैसूर भागातल्या ज्या गावात राहून काम केलं, त्याला त्यांनी लिहिताना ‘रामपुरा’ म्हटलं. ते गावाचं खरं नाव नव्हे.

आणि तुम्ही जशी गावाकडं बघता तसं गावही तुमच्याकडं बघतं. पहिला प्रश्न तुम्हालाच येतो : ‘गाव कंचं? आडनाव काय?’ आडनावावरून जात, जातीवरून चहा की नुसतं पाणी, किंवा चहा बाहेर की सोप्यात, हे ठरलेलं मी बघितलंय. चिडू नका, आणि लपवूही नका. त्या दिवशीच्या टिपणात लिहा : कुठं बसवलं, कुणी बोलायला सुरुवात केली, घरातले पुरुष आल्यावर कोण गप्प झालं. पद्धतीच्या प्रकरणात ‘संशोधकाचे स्थान’ म्हणून दोन पानं यातून मिळतात, आणि ती बहुधा प्रबंधातली सगळ्यात खरी पानं असतात.

टिपणं त्याच रात्री

मुलाखतीत शब्द दोन-चारच टिपा, बाकी लक्ष माणसाकडं. सविस्तर टिपण त्याच रात्री. सकाळी लिहितो म्हटलं की निम्मं गेलं. डाव्या पानावर जे पाहिलं-ऐकलं ते, उजव्या पानावर तुम्हाला काय वाटलं ते. ही दोन्ही मिसळली की महिन्याभरानं कुठलं कुणाचं, ते सांगता येत नाही.

रेकॉर्डिंगवर फार विसंबू नका. माझ्या एका सव्वा तासाच्या मुलाखतीत पाठीमागं कडबाकुट्टी चालू होती. घरी येऊन ऐकलं तर तेवढाच आवाज. आणि नक्कल ठेवा, दोन ठिकाणी. श्रीनिवास १९७०मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना तिथं आग लागून त्यांच्या रामपुऱ्याच्या टिपणांचं वर्षानुवर्षं केलेलं संस्करण जळालं. त्यांनी मग आठवणीवर पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं. आपल्याला चौथ्या सत्रात तेवढी सवलत मिळत नाही.

तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास लागतात. फोनमधलं मराठी बोलून टाइप करणं थोडं कामाला येतं, पण ते काकींचं ‘मी असतो’ बिनदिक्कत ‘मी असते’ करून टाकेल, आणि केलं नाही तर तुम्ही कराल. करू नका. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी जातो, मी जेवलो’ म्हणतात. माझी आजी शेवटपर्यंत तसंच बोलायची, आणि मी कॉलेजला आल्यावर कुणी हसू नये म्हणून ‘जाते’ म्हणायला शिकले. उतरवताना बोली तशीच ठेवा. प्रमाण मराठी तुमच्या विवेचनात असू द्या. टंकलेखन युनिकोडमध्ये, जुन्या फॉन्टमधली फाइल गाइडच्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी किडे-मुंग्या दिसतात.

विश्लेषण

८१ घरांसाठी एक्सेल पुरतं. प्रत्येक घराला एक ओळ, प्रत्येक प्रश्नाला एक स्तंभ, उत्तरांना आकडे, आणि कुठला आकडा म्हणजे काय याची वेगळी यादी. ‘उत्तर दिलं नाही’ यासाठी स्वतंत्र आकडा ठेवा, रिकामं सोडू नका आणि शून्यही घालू नका.

टक्केवारीचा हव्यास सोडा. बारापैकी पाच बायकांनी काही सांगितलं तर ‘बारापैकी पाच’ लिहा, ‘४१.६७ टक्के’ लिहिलं की वाचणाऱ्याला हजारांचा नमुना वाटतो. ‘वरील तक्त्यावरून असे दिसून येते की’ या वाक्यानं सुरू होणारी आणि तक्ताच पुन्हा शब्दांत सांगणारी चाळीस पानं मला दर वर्षी वाचावी लागतात. एकेरी तक्ते परिशिष्टात टाका. मजकुरात दोन चल, म्हणजे घरागणिक बदलणाऱ्या दोन गोष्टी, एकमेकांशेजारी ठेवणारे तक्ते असू द्या : पुस्तकावरचं नाव आणि कार्ड कुणाकडं, किंवा जमीन किती आणि किटली कोण नेतं. दोन गोष्टींचा संबंध निव्वळ योगायोगाचा तर नाही ना हे तपासणारी काय-वर्ग चाचणी लावायची तर अशाच तक्त्याला, आणि ज्या चौकटीत अपेक्षित संख्या पाचाखाली जाते तिथं जपून.

मुलाखतींचं संकेतन (कोडिंग) हातानं करा, निदान पहिल्या दहांचं. छापून घ्या, समासात पेन्सिलीनं लिहा. माझ्या समासात ‘पैसा’, ‘नाव’, ‘काम’ असे शब्द होते. पाचव्या मुलाखतीपासून एक न ठरवलेला शब्द यायला लागला : ‘फॅट’, ज्यावर दुधाचा दर ठरतो तो. फॅट कमी लागला तर घरात बोलणी बाईला बसतात, आणि चांगला लागला तर म्हैस चांगली. हे मी विचारलंच नव्हतं. प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यावर झालं.

लिहिताना

मराठीत लिहायला लाजू नका. पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे कोश ऑनलाइन आहेत. पण जिथं ‘फॅट’ चालतो तिथं ‘स्निग्धांश’ बसवायची गरज नाही. उचलेगिरीबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम आहेत, दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढं कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात. इंग्रजी लेखाचं भाषांतर करून खपवलेला परिच्छेद सॉफ्टवेअरच्या नजरेतून सुटू शकतो. गाइडच्या नजरेतून बहुधा सुटत नाही, कारण मधेच वाक्यांची चाल बदलते.

मर्यादांचं प्रकरण ‘वेळ व पैसा अपुरा पडला’ असं भरू नका, तो सगळ्यांनाच अपुरा पडतो. तुमच्या नमुन्यात कोण सुटलं, ते लिहा.

मौखिकी

बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न नमुन्यावर विचारतात, दुसरा बहुतेक वेळा गृहीतकृत्यावर, म्हणजे तपासायला घेतलेल्या अंदाजावर. ही उत्तरं पाठ करून जमतात. मला तिसरा आला. मी मोठ्या उत्साहानं तक्ता दाखवत होते की निम्म्याहून जास्त घरांत बिल नवऱ्याच्या खात्यावर असलं तरी एटीएम कार्ड बाईच्या पिशवीत असतं, म्हणजे व्यवहार तिच्या हातात आहे. परीक्षक बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, ‘कार्ड तिच्याकडे. पण पिन कुणाला माहीत आहे?’

मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी रंकाळा स्टँडवरून गाडी धरली आणि काकींच्या दारात गेले. त्या हसल्या. ‘नंबर व्हय? त्यो पोराला ठावं. मी नुसतं कार्ड सांबाळतो, हरवंल म्हणून.’